तारापूरचा उजेड आणि आपले साहित्य

१

'विज्ञान : शाप की वरदान?' या विषयावर मराठी शाळांतून किती पिढ्यांनी निबंध लिहिले असतील याची गणती नाही. मीही लिहिला आहे. विज्ञान हे दुधारी शस्त्र आहे, सारे वापरणाऱ्यावर अवलंबून आहे, असा शेवट केला की दहापैकी सात गुण ठरलेले असत. आज मी स्वतः मास्तर आहे. पालघर तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. गेल्या वर्षी प्रथम वर्षाच्या वर्गाला मी तोच विषय जरा बदलून दिला : 'नवे तंत्रज्ञान आणि आपला समाज'. बहुतेकांनी मोबाईल, इंटरनेट, कृत्रिम बुद्धिमत्ता यांची स्तुती करून शेवटी दुधारी शस्त्र बाहेर काढलेच. एका आदिवासी विद्यार्थिनीने मात्र दीड पानच लिहिले. तिच्या पाड्यावरून रात्री पश्चिमेचे आभाळ पिवळे दिसते. तो बोईसरच्या कारखान्यांचा उजेड. लहानपणी तिला वाटे, तिकडे सूर्य उशिरा मावळत असेल. शेवटी तिने लिहिले होते : 'नवे तंत्रज्ञान आमच्या समाजाच्या फार जवळ आहे. पण आमचा समाज त्याच्या जवळ नाही.'

या दोन वाक्यांनी मला बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. आज सरकारी अहवालांत, जागतिक बँकेच्या कागदांत, कंपन्यांच्या जाहिरातींत आणि आमच्या महाविद्यालयांतल्या चर्चासत्रांत एकच वाक्य फिरत असते : नवे तंत्रज्ञान मागास समाजांना आणि विकसनशील देशांना सक्षम करते. मी व्याकरण शिकवणारा माणूस. या वाक्यात कर्ता आहे तंत्रज्ञान आणि कर्म आहे समाज. ज्याला वाक्यात कर्त्याची जागा नाही तो सक्षम झाला असे म्हणायचे कसे? समाजाने काय केले, काय मागितले, काय नाकारले यासाठी त्या वाक्यात शब्दच नाही. ही टीका त्या वाक्यावर आहे. आणि पुढे जाऊन थोडी आपल्या स्वतःच्या साहित्यावरही आहे.

२

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. यंत्राविरुद्ध बोलणे हा आपला वारसा नाही. खेड्याची साधी राहणी, आदिवासींचे निसर्गाशी असलेले नाते, चरख्याचे पावित्र्य यांची गोडी ज्यांनी कधी मोट ओढली नाही आणि मैला वाहिला नाही त्यांनाच परवडते. बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला, तेव्हाच तुकड्यांच्या शेतीवरचा उपाय त्यांनी औद्योगिकीकरणात शोधला होता. १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधी यांच्या अस्पृश्यविषयक धोरणाची झडती घेताना त्यांनी यंत्राची बाजू स्वच्छ शब्दांत मांडली. त्यांचे म्हणणे असे की, यंत्रामुळे होणारा अनर्थ हा यंत्राचा दोष नसून खाजगी मालकी आणि खाजगी नफा यांना पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा दोष आहे. म्हणून बदलायची ती समाजरचना. यंत्र माणसाला फुरसत देते, आणि फुरसतीवाचून संस्कृती नाही. ज्यांच्या वाट्याला हजारो वर्षे फक्त राबणे आले त्यांना या 'फुरसत' शब्दाचे मोल सांगावे लागत नाही.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना वीज हा त्यांच्या खात्याचा विषय होता. १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी विजेची मालकी सरकारची की खाजगी भांडवलाची, हा प्रश्न अगदी सुरुवातीलाच ठेवला. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण तिच्याशिवाय औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात तर मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी घटनात्मक तरतूदच त्यांनी सुचवली. म्हणजे आपला पहिला प्रश्न यंत्र हवे की नको हा कधीच नव्हता. यंत्र कुणाचे, हा होता. शाळेतल्या निबंधाने हा प्रश्नच गाळून टाकला आणि त्याजागी 'शाप की वरदान' ठेवले. शाप आणि वरदान दोन्ही देवाने द्यायची असतात. मालकी माणसे घेतात.

३

आता तारापूरकडे पाहू. १९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हा येथे अणूच्या शांततामय उपयोगासंबंधी संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष होते डॉ. होमी भाभा. नव्याने स्वतंत्र झालेल्या गरीब देशांनी अणुशक्तीच्या बळावर मधले टप्पे ओलांडावेत, हे त्या काळाचे स्वप्न होते. आज कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी जे बोलले जाते ते तेव्हा अणूविषयी बोलले जात होते. या स्वप्नाला भारतात पहिली जागा मिळाली ती आपल्या किनाऱ्यावर. अमेरिकेशी १९६३ मध्ये करार झाला. १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीला काम दिले गेले आणि १९६९ मध्ये तारापूरची दोन एकके व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागली. ही वीज महाराष्ट्र आणि गुजरात यांनी वाटून घ्यायची होती.

या दोन भट्ट्या परदेशी कंपनीने बांधून हातात दिलेल्या होत्या आणि त्यांचे इंधनही परदेशातून यायचे होते. १९७४ मध्ये पोखरणला चाचणी झाली. त्यानंतर अमेरिकेने हात आखडला, १९७८ मध्ये तिथे नवा कायदा झाला आणि तारापूरच्या इंधनाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय भांडणाचा विषय बनला. पुढे इंधन फ्रान्सकडून आले, नंतर चीनकडून, मग रशियाकडून. यंत्र आपल्या भूमीवर, पण त्याचा प्राण दुसऱ्याच्या मुठीत, हा अनुभव या देशाने पुरेपूर घेतला. देशाच्या शास्त्रज्ञांनी आणि राज्यकर्त्यांनी त्यातून योग्य तो धडा घेतला : दिलेले यंत्र माणसाला समर्थ करत नाही. ते समजून घ्यावे लागते, स्वतः बांधावे लागते. तारापूरची तिसरी आणि चौथी भट्टी, प्रत्येकी ५४० मेगावॉटची, भारतीय अभियंत्यांनी आपल्या आराखड्यावर उभी केली. २००५ आणि २००६ मध्ये त्या चालू झाल्या. ही खरीच अभिमानाची गोष्ट आहे आणि तिला कमी लेखण्याचे मला कारण नाही.

पण याच तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. शेती आणि मासेमारी करणारी ही माणसे समुद्राकाठची होती. पुनर्वसनाचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. मिळालेल्या घराचा दर्जा, गेलेल्या धंद्याची भरपाई आणि घरटी नोकरी हे प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळले. देश ज्या घटकेला परावलंबनातून सुटत होता नेमक्या त्याच घटकेला दोन गावे परावलंबी होत होती. अमेरिकेपुढे भारताने जी तक्रार मांडली, म्हणजे करार तुमचा, यंत्र तुमचे, निर्णय तुमचा आणि परिणाम आमच्या माथी, तीच तक्रार पोफरणच्या माणसाने भारतापुढे मांडली. राष्ट्राला स्वतःच्या बाबतीत जे कळले ते गावाच्या बाबतीत कळले नाही. 'विकसनशील अर्थव्यवस्था सक्षम झाली' आणि 'समाज सक्षम झाला' ही दोन विधाने एका दमात उच्चारण्याची सवय आपण सोडली पाहिजे. तारापूरला पहिले विधान बऱ्याच अंशी खरे आहे. दुसरे नाही.

जिल्ह्याच्या नकाशावर नजर टाकली तर हे आणखी ठळक होते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. त्याआधी हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. ज्या जिल्ह्यात १९६९ मध्ये देशातले पहिले अणुवीज केंद्र चालू झाले त्याच जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात, वावर-वांगणी येथे, १९९२-९३ च्या सुमारास आदिवासी बालके कुपोषणाने दगावली. सूर्या नदीवर धरण बांधले ते आदिवासी शेतीचे नाव घेऊन. आज त्याच पाण्यावर वसई-विरार आणि मिरा-भाईंदर या शहरांसाठी ४०३ दशलक्ष लिटरची योजना उभी आहे. शहरातल्या माणसालाही तहान आहे, हे मान्य. पण पाणी आणि वीज दोन्ही ज्यांच्या दारावरून जातात त्यांना विचारण्याची रीत अजून आपल्याकडे पडलेली नाही.

४

मग तंत्रज्ञानाने माणसे समर्थ झाल्याचे एकही उदाहरण नाही काय? आहे, आणि ते लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाईल आला. मच्छीमार समुद्रातूनच वेगवेगळ्या बाजारांतले भाव विचारू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की वाया जाणारी मासळी जवळजवळ थांबली, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी सुमारे ४ टक्के स्वस्त पडली. जगभरच्या सक्षमीकरणवाद्यांचा हा आवडता दाखला आहे. पण तो देताना एक गोष्ट ते हळूच गाळतात. त्या मच्छीमारांच्या पायाखाली होडी होती, जाळ्यात मासळी होती आणि ती कुठे विकायची हे ठरवण्याची मोकळीक होती. मोबाईलने त्यात भावाची बातमी घातली. होडी मोबाईलने दिली नाही.

केरळला जाण्याचीही गरज नाही. आमच्या पालघर तालुक्यातले सातपाटी घ्या. तिथल्या मच्छीमारांनी शिडाच्या होड्यांना इंजिन बसवले. सहकारी संस्था काढल्या, आणि डिझेल, बर्फ, विक्री या गोष्टी त्यांच्या हाती ठेवल्या. इंजिनही परदेशी शोधच होता. पण ते सातपाटीत आले ते संस्थेच्या सभासदाचे इंजिन म्हणून. सातपाटीच्या पापलेटचे नाव त्यामुळे दूरवर गेले. सहकारातले हेवेदावे तिथेही आहेत. तरी यंत्र आणि माणूस यांचे नाते तिथे मालकाचे आहे. बोईसरला ते नाते हाताचे आहे आणि पोफरणला नुसते शेजाऱ्याचे. एकच शतक, एकच तालुका, आणि तीन नाती. तंत्रज्ञान काय करते, याचे उत्तर यंत्राच्या पोटात सापडत नाही. ते या नात्यात सापडते.

शेजार मात्र मालकालाही सोडत नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीतली रसायने, औषधे, रंग, कापड आणि पोलाद यांचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जाते. खाडीचा रंग आणि वास यांविषयी मच्छीमार वर्षानुवर्षे ओरडत होते. नाकाला येणारा वास हा कचेरीत पुरावा ठरत नाही. अखेर अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाचे दार ठोठावले. तिथे पाण्याचे नमुने, तपासणीचे आकडे, तज्ज्ञांची समिती हे सारे आले आणि लवादाने प्रदूषणाची भरपाई ठरवली. या घटनेकडे आपल्या कार्यकर्त्यांनी नीट पाहावे. प्रयोगशाळेतला आकडा एकदा तरी मच्छीमाराच्या बाजूने उभा राहिला. मात्र तो आपणहून आला नाही. त्याला संघटनेने ओढून आणले. दरम्यान पापलेट समुद्रात कमी होत चालले होते. २०२३ मध्ये ते महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून घोषित झाले.

५

हाताच्या नात्याविषयी मी ऐकीव बोलत नाही. १९७२ च्या दुष्काळाने माझे आजोबा मराठवाड्यातून निघाले आणि बोईसरला मातीकामावर लागले. वडील एका कारखान्यात कंत्राटी कामगार होते. अठरा वर्षे एकाच दाराने आत गेले, पण कागदावर दर काही महिन्यांनी नवे झाले, कारण ठेकेदार बदलत होता. पिंप कुठून कुठे ढकलायचे ते त्यांना माहीत होते. पिंपात काय आहे ते कुणी सांगितले नाही. घरी आले की आई त्यांचे कपडे वेगळे धुई. आम्हा भावंडांना त्यांच्या अंगाचा वास हाच 'कंपनी' या शब्दाचा अर्थ वाटे. आमच्या चाळीत गावाकडून आलेले बौद्ध, मातंग, इथले वारली, आणि पुढे उत्तरेकडून आलेले भय्ये असे सारे एका नळावर होते. यंत्राने आम्हाला एका रांगेत आणले हे खरे. ही रांग गावाने कधीच होऊ दिली नसती, आणि तेवढ्यापुरते मी त्या यंत्राचे ऋण मानतो. पण कायम कामगारांची यादी लागे तेव्हा आडनावे वाचून आम्हाला कळे की गाव आपल्या आधीच कारखान्यात पोचले आहे.

११ जानेवारी २०२० रोजी याच वसाहतीतल्या एका कारखान्यात स्फोट होऊन माणसे मेली. अशा बातम्या इथे अधूनमधून येतच असतात. भोपाळ १९८४ मध्ये झाले. त्या रात्री रसायनाच्या टाकीलगत कोण झोपले होते, हे सांगण्यासाठी जातवार खानेसुमारीची गरज नव्हती.

आणि जे तंत्रज्ञान थेट 'सक्षमीकरणा'च्या नावाने आले त्याचे काय? रेशन दुकानावर अंगठा लावायचे यंत्र आले. दुकानदाराची चोरी त्याने काही अंशी रोखली, हे मी नाकारत नाही. पण माझ्या आजीचा अंगठा ते यंत्र ओळखीना. मातीच्या पाट्या उचलून उचलून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या होत्या. दुकानदार म्हणाला, "आजी, उद्या हात धुऊन या." आजी म्हणाली, "बाबा, धुऊन जायला काही राहिलंच नाही." ज्या हाताने हा औद्योगिक मुलूख उभा केला तो हातच यंत्राच्या दृष्टीने अस्तित्वात नव्हता. हरकत घेण्याची खिडकी त्या यंत्राला नव्हती. बिघाड झाला तर सिद्ध करायचे ते माणसाने, ही त्याची रचना होती. ती कुणी तरी ठरवली होती.

६

आता आपल्या साहित्याकडे वळतो. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती!' हा संग्रह १९६३ चा. त्यातल्या शीर्षककथेचा नायक रेल्वेच्या नोकरीवर उधन्याला जातो. बोईसरहून सुरतेकडे जाणारी गाडी आजही त्याच उधन्यावरून जाते. रेल्वे म्हणजे त्या काळचे मोठे आधुनिक यंत्र. सर्वांना एकाच डब्यात बसवणारे. बागुलांनी दाखवले की इंजिनाने नायकाची जात विचारली नाही. इंजिनाभोवतीच्या माणसांनी विचारली, आणि कळल्यावर त्याला बडवले. आधुनिकतेच्या पोटात मनू कसा नोकरीला असतो, हे मराठीत इतक्या रोखठोकपणे त्याआधी क्वचितच आले असेल. या कथेची चर्चा आपण विद्रोह, वेदना, अस्मिता या अंगांनी खूप केली. ती यंत्र आणि जात यांच्या नात्याची कथा आहे, या अंगाने मात्र फारशी केली नाही.

तारापूरची भट्टी चालू झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९७० मध्ये, गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' प्रसिद्ध झाले. डहाणू, तलासरी, उंबरगावच्या वारल्यांनी १९४५ मध्ये वेठीविरुद्ध केलेल्या उठावाची ती हकीकत आहे. एकीकडे अणू फोडणारा देश आणि त्याच किनाऱ्याच्या आतल्या अंगाला पाव शतकापूर्वीपर्यंत वेठीला जुंपलेला माणूस, ही दोन चित्रे एकमेकांना लागून ठेवली की आपल्या आधुनिकतेचे खरे रूप दिसते. पुढे सत्तरीच्या दशकात पालघर तालुक्यातच काळूराम धोदडे यांच्या पुढाकाराने भूमिसेना उभी राहिली आणि आदिवासींनी स्वतःच्या जमिनीचा हिशेब स्वतः मागितला.

यानंतर आपल्या लेखणीने काय केले? गाव लिहिले, गावकूस लिहिली, महानगरातली झोपडपट्टी लिहिली. गिरणी, गोदी, रेल्वे यांचे अनुभव आत्मकथनांतून आले. पण औद्योगिक वसाहतीतला कंत्राटी माणूस, रात्रपाळीत रसायनाच्या वाफेत उभी राहणारी बाई, पुनर्वसनाच्या कॉलनीत समुद्राकडे पाठ करून बसलेला म्हातारा माझ्या वाचनात अपवादानेच आला. याचे एक कारण आपण स्वतःला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आमच्यातला जो शिकला तो वसाहत सोडून गेला. मीही तेच केले. पदवी हेच आमचे तंत्रज्ञान होते आणि आम्ही ते घेऊन चाळीच्या बाहेर पडलो. दुसरे कारण वैचारिक आहे. जातीचे शोषण गावात असते आणि कारखान्यात असते ते वर्गाचे, अशी सोयीची वाटणी आपण नकळत मान्य केली. बागुलांच्या कथेने ती साठ वर्षांपूर्वीच खोडून काढली होती.

७

आता किनाऱ्यावर नवे पर्व सुरू झाले आहे. डहाणू परिसराच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये प्राधिकरण नेमले गेले. १९९८ मध्ये त्याने वाढवण बंदर नाकारले आणि २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी सुमारे ७६ हजार कोटींच्या या बंदराची पायाभरणी झाली. लाखो रोजगारांचे आकडे सांगितले जात आहेत. उद्या याला जोडून स्वयंचलित यारी, संगणकी गोदामे, कृत्रिम बुद्धिमत्ता सारे येईल. आपण त्याला शाप म्हणू नये आणि वरदानही म्हणू नये. तीन प्रश्न विचारावेत. याची मालकी आणि नफा यात आमचा वाटा किती? याचे ज्ञान, म्हणजे पिंपात काय आहे इथपासून आराखडा कसा काढतात इथपर्यंत, आमच्या मुलामुलींना मिळणार की फक्त पहारेकऱ्याची काठी मिळणार? आणि नाही म्हणण्याचा हक्क आम्हाला आहे की नाही? अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने आवाज दिला आहे. तो ऐकला जातो तिथे समाज वाक्याचा कर्ता होतो. जिथे ऐकला जात नाही तिथे कितीही उजेड पडला तरी तो कर्मच राहतो.

हे प्रश्न मोर्चात विचारायचे आहेत तसेच साहित्यातही. या वर्षी मी वर्गाला निबंधाचा विषय बदलून दिला : 'माझ्या घरातला एक माणूस आणि एक यंत्र'. चाळीस वह्या आल्या. कुणी आईच्या हातातल्या पॅकिंगच्या मशीनवर लिहिले, कुणी बापाच्या बोटीच्या इंजिनावर, कुणी सावकाराकडे गहाण पडलेल्या मोबाईलवर. एकाही वहीत दुधारी शस्त्र नव्हते. भाषा अशुद्ध आहे, वाक्ये तुटलेली आहेत, पण प्रत्येक वाक्यात कर्ता माणूस आहे. या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. बोईसर-तारापूरचे साहित्य लिहिले जाईल तेव्हा ते इथून सुरू होईल, असे मला वाटते. आणि ज्या शिक्षकांच्या, कार्यकर्त्यांच्या गावाजवळ असा पिवळा उजेड दिसत असेल त्यांनीही आपापल्या वर्गाकडून आणि वस्तीकडून अशा वह्या मागवाव्यात, ही विनंती.